अर्धा इंची नळी

परभणी, ता. २० जून १९३७

दाजी,

तुमाला आन आक्काला अंगदचा वाकून नमस्कार. हे पत्र आक्काला मोठ्यानं वाचून दाखवा, अर्ध्यात सोडून कामावर पळू नका.

तुमच्या हाताखाली ग्यास कंपनीत दोन साल नळ्या वाहिल्या, त्येचं आज चीज झालं. हितले किशनराव वकील हैदराबादला कुण्या नवाबाच्या बंगल्यात ग्यासचे दिवे बघून आले आन हट्टच धरून बसले, की आपल्या घरी बी पायजेत. मग अख्ख्या परभणीत नळीला आटे पाडणारा माणूस कोण? तर पेडगावच्या मेंढक्याचं पोर, तुमचा मेव्हणा!

तुमच्या मुंबईसारखा रस्त्याखालून येणारा ग्यास हितं कुठला. अंगणात पाण्याची टाकी बांधली, तिच्यात पत्र्याचं पिंप पालथं घातलं. कारबाईटच्या खड्यांवर पाणी ठिबकलं की ग्यास होतो, पिंपात साठतो, आन पिंपाच्या वजनानं नळीत जातो. बैठकीत चार दिवे, ओसरीला एक, स्वयंपाकघरात एक, आन तिथंच चहाला एक शेगडी.

तुमी शिकवलं तसंच केलं. आधी दिवे मोजले, शेगडी किती दिव्यांइतका ग्यास पिती ते धरलं, मग टाकीपासून शेगडीपर्यंत लांबी काढली. चाळीस फूट भरली. तेवढ्याला अर्धा इंची नळी पुरती ना? वकिलानं माल मागवलाय बी, तरी तुमचा शब्द पायजे.

आन आक्काला सांगा, ब्राह्मणाचं सोवळ्याचं घर, पर वकिलानं मला घरभर हिंडू दिलं. मी सोता पट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेलो, देवघराच्या दारापर्यंत गेलो. वकिलाच्या आई कस्तुराबाई लय कडक, त्या बी म्हणल्या, "इंजनेर हाय तो, जाऊ द्या."

तुमचा,
अंगद


परळ, मुंबई, ता. २७ जून १९३७

अंगदा,

तुझं पत्र वाचून वाचून माझा घसा बसला. तुझ्या आक्कानं चाळीतल्या समद्या बायका गोळा केल्या आन "देवघराच्या दारापर्यंत" ह्या जागी मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. आक्का रडली, खोटं सांगत न्हाई. आपल्या घरातलं कुणी आजवर वकिलाच्या ओसरीवर चढलं न्हाई, आन तू पार देवापर्यंत पोचलास. आता शेजारची चतुराबाई तुला इंजनेरच म्हणायली.

बरं, कामाचं. चाळीस फुटाला अर्धा इंची चालंल, पर काठोकाठ. लांबी म्हणजी भिंतीची लांबी न्हवं बाबा, नळी जशी वळंल तशी लांबी. दर कोपऱ्याला दोन फूट जादा धर. साठ-सत्तरावर गेली तर पाऊण इंचीच पायजे, न्हाईतर शेवटच्या तोंडाला ग्यास पोचायचा न्हाई. तसं असंल तर मालकाला सरळ सांग, लाजू नको. माल बदलता येतो.

जोडाला सफेदा आन सूत नीट भर. गळती बघायची ती साबणाच्या पाण्यानं. काडी ओढून बघणारे फिटर मी दवाखान्यात बघितलेत, त्यांच्या भुवया परत उगवल्या न्हाईत.

येडबा


परभणी, ता. ८ जुलै १९३७

दाजी,

नळ्या बसल्या. बैठक अशी उजळली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायलीत. वकील पक्षकारांना कागद वाचायला दिव्याखाली मुद्दाम बसवतात.

एकच तकलीफ हाय. स्वयंपाकघरात शेगडी पेटवली की तिथला दिवा काजव्याएवढा होतो. चहा हुईपर्यंत स्वयंपाकाची बाई अंधारात बसती. कस्तुराबाई टोमणे मारायल्यात, की ह्याच्यापेक्षा आपली समई बरी. कांदेनवमीला वकिलाकडं पाहुणे जेवायला हायत. त्या दिवशी पोटभर कांदा-लसूण खायचा, मग चार महिने घरात नाव काढायचं न्हाई, अशी त्यांची रीत. त्येच्या आत काही इलाज असंल तर कळवा. लांबी तीच हाय, चाळीस फूट. कामून असं होत असंल?

अंगद


परळ, मुंबई, ता. १२ जुलै १९३७

अंगदा,

लांबी खरंच चाळीस असंल तर दोष नळीचा न्हाई, दाबाचा हाय. पिंपावर एक वीट ठेव. एकच. दाब वाढला की कच्चा जोड गळतो, म्हणून वीट ठेवल्यावर आत जाऊन एकूण एक जोडाला साबण लावून बघ. बुडबुडा दिसला की वीट काढ.

मला एक घोर लागलाय. पट्टी तूच धरली होतीस ना रं? चाळीस फुटाला असं व्हायला नको.

आक्का म्हणती, पाहुण्यांपुढं दिवा लखलख लागू दे, तुझी दृष्ट काढायला मी हितं मीठ-मोहरी ओवाळती.

येडबा


परभणी, ता. ४ ऑगस्ट १९३७

दाजी,

तुमची अक्कल लाख मोलाची! वीट ठेवली आन दिवा झाला की हो मोठा. पाहुण्यांनी तारीफ केली. जिनिंग मिलच्या मालकाला बंगल्यात असंच काम करून पायजे, त्येला वकील माझ्या नावाची सिफारस लिहून देणार हायत. पट्टी मीच धरली होती, तुमी उगं घोर करू नका. जोड बी तपासले.

बाकी खबर काही विशेष न्हाई. वकिलाच्या घरात बायकांची भानगड झाली. नर्मदाबाई म्हणून विधवा ब्राह्मणबाई अकरा साल स्वयंपाकाला होती, तिला काढलं. चातुर्मासात चोरून लसूण खाल्ला म्हणं. रोज स्वयंपाकघरात वास यायचा. आता बाई गेली आन वास बी गेला. आपल्याला काय करायचंय त्यांच्या घरचं.

पाऊस बरा हाय. मेंढरं मजेत.

अंगद


परळ, मुंबई, ता. ९ ऑगस्ट १९३७

अंगदा,

तुझं पत्र मी आज आक्काला वाचून दाखवलं न्हाई.

लसूण? अरे, हितं बाजारात फेरीवाले कारबाईटचे दिवे लावतात. दिवा कलंडला की सगळ्या गल्लीला लसणाचा वास सुटतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक हाय, आन तुला न्हाई? तू रोज त्या टाकीत हात घालतोस. बाई लसूण खात न्हवती, तुझी नळी गळत होती. स्वयंपाकघरात चूल पेटती, माणसं निजतात. घर उडालं असतं, मढी मोजत बसला असतास!

पत्र हातात पडल्याबरोबर टाकीची तोटी बंद कर. कारबाईट काढून उन्हात टाक. मग बसून मला खरं खरं लिही. बाई गेली आन वास गेला, म्हणतोस. कसा गेला? नळी आपोआप बरी होत नसती.

आन त्या बाईचं काय?

येडबा


परभणी, ता. १४ ऑगस्ट १९३७

दाजी,

तोटी बंद केली. कारबाईट संपलंय, हैदराबादहून यायचंय, असं वकिलाला सांगितलं. हे बी खोटंच.

तुमाला तोंड दाखवायची लायकी न्हाई, म्हणून बरं की हे पत्र हाय. मी स्वयंपाकघरात कवाच गेलो न्हाई. पहिल्याच दिवशी कस्तुराबाईनं मला माजघराच्या उंबऱ्यावर अडवलं. "तिथूनच सांग काय सांगायचं ते," म्हणल्या. पट्टी माझ्या हातातच राहिली. मग मी बाहेरच्या भिंतीवरून पावलं टाकली आन चाळीस फूट धरलं. त्या सांजेला तुमाला पत्र लिहायला बसलो, तर उंबऱ्यावर अडवलं हे लिहायला हात वळंना. "देवघराच्या दारापर्यंत गेलो" हे कसं उतरलं मलाच कळलं न्हाई. लिहिल्यावर वाचून बरं वाटलं.

मधी देवघर हाय, दाजी. देवाच्या डोक्यावरून नळी न्यायची न्हाई म्हणून ती भोवतालनं फिरवली. आत बसवायला त्यांचा घरचा पाणक्या होता, ब्राह्मणच. मी उंबऱ्याबाहेरून ओरडायचो, "पिरगाळ, अजून पिरगाळ!" तो आतून म्हणायचा, "दे अजून एक." मी देत गेलो. दुप्पट नळी आत गेली, तवाच कळलं की हितं पाऊण इंची पायजे होती. तुमी लिहिलं होतं लाजू नको म्हणून. पर सांगितलं असतं तर वकिलानं विचारलं असतं, मग मोजलंस काय? तुमाला बी माल बदलायचं कळवावं लागलं असतं. आन आक्कानं चाळीत सांगून टाकलं होतं.

एका विटेनं भागलं न्हाई. तीन ठेवल्या. जोड पाणक्यानं आवळलेले, साबण कुणी लावला न्हाई. चार दिवसांत शेगडीपाशी वास सुटला. मला अंगणात खिडकीखाली यायचा. मी ओळखला, दाजी. पहिल्या दिवशीच ओळखला.

कस्तुराबाईला वाटलं, बाई लसूण परतती. डबे हुडकले, मडकी हुडकली, बाईचं गाठोडं सोडून झटकलं. एक पाकळी सापडली न्हाई. मग गल्लीतल्या बायकांसमोर म्हणल्या, "कबूल कर, म्हणजे ठेवून घेते." बाईनं आपलेच हात हुंगले. मग म्हणली, "हो. खाल्ला मी." ती तसं म्हणल्याबरोबर तिला दारातनं बाहेर काढली. मी टाकीपाशी उभा होतो, हातात कारबाईटचा डबा. माझ्याजवळून गेली. पन्नाशीची बाई, रडत न्हवती, नुसती खाली बघून चालत होती.

आता शेवटचं. त्याच दिवशी सांजेला मी तिन्ही विटा काढल्या. भ्यालो होतो. दुसऱ्या दिवशी वास गेला. कस्तुराबाई समद्यांना सांगायल्यात, "बघा, बाई गेली आन वास गेला." म्हणजी जी काय शंका कुणाला होती, ती बी मीच मिटवली.

ती पाथरीला चुलतभावाकडं हाय. कुणी कामाला ठेवत न्हाई म्हणं. मी रोज वकिलाच्या दारापर्यंत जातो आन परत येतो. मी काय करू ते सांगा.

अंगद


परळ, मुंबई, ता. १९ ऑगस्ट १९३७

अंगदा,

काय करू म्हणून विचारतोस? तुला ठाऊक हाय. तू फक्त मी सांगावं म्हणून वाट बघायलास.

हे पत्र आक्काला वाचून दाखवलं. ती भात तसाच ठेवून उठली. मला वाटलं आडोशाला रडायला गेली. तर ती चतुराबाईच्या दारात उभी. तिथून पुढच्या दारात. एकेका खोलीत जाऊन सांगत होती, "माझा भाऊ देवघरापर्यंत गेला न्हवता. उंबऱ्याच्या बाहेरच होता. मी खोटं सांगितलं." मी हात धरून मागं ओढली तर म्हणली, "सोडा मला. माझ्यापायी त्यो दुसऱ्या बाईचं वाटोळं करायलाय. आता माझी काळजी त्येला नको. त्येला लिहा, आक्काचं नाव सांगून लपू नको."

मी बी धुतल्या तांदळाचा न्हाई. काठोकाठ हिशेब आला तवाच मला खटकलं होतं. चाळीस फुटाला दिवा मरत नसतो, हे बी ठाऊक होतं. तरी वीट ठेव म्हणून लिहिलं. आपलं माणूस मोठं झालं म्हणून मला बी लोकांत मिरवायचं होतं, त्यापायी जास्त विचारलं न्हाई.

वकिलाकडं जा. एकट्यात सांगू नको. बाईनं चार लोकांत ऐकून घेतलंय, तू बी चार लोकांत सांग. सांगितल्याबिगर मला पत्र लिहू नको.

येडबा


परभणी, ता. ६ सप्टेंबर १९३७

दाजी आन आक्का,

सांगितलं. म्हणून लिहायलोय.

गेल्या सोमवारी सकाळी बैठकीत सात-आठ पक्षकार होते, मुन्शी होता. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणलं, "वकीलसाहेब, नर्मदाबाईनं लसूण खाल्ला न्हाई. तो वास माझ्या नळीचा होता." वकिलानं चष्मा काढला. म्हणले, "तिनं पाठवलं का तुला?" त्यांना वाटलं, बाईनं मला फितवलं. माझं खरं बी त्यांना खोटं वाटायलं, आन त्यात त्यांची काही चूक न्हाई.

मग म्हणलं, घरातली चूल, दिवे समदं विझवा, खिडक्या उघडा, मी दाखवतो. टाकीत खडे टाकले, पिंपावर तीन विटा ठेवल्या, तोटी सोडली. समदे अंगणात उभे. कस्तुराबाई तेवढ्या आत जाऊन शेगडीजवळ बसल्या, कुणाचं ऐकलं न्हाई. थोड्या वेळानं पदर नाकाला लावून बाहेर आल्या आन ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. पाणक्यानं जोडाला साबण लावला. तो आतून ओरडला, "आई, बुडबुडे आलेत हो, भाताच्या पेजेवाणी!" मी तोटी बंद केली. कुणी मला एक शिवी दिली न्हाई. दिली असती तर बरं झालं असतं.

कस्तुराबाई त्या दिवशी जेवल्या न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणल्या, पाथरीला जायचंय. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसल्या. मला म्हणल्या, "तू पण चल. तुझ्या तोंडानं सांग."

नर्मदाबाई भावाच्या ओसरीवर डाळ निवडत होती. आमाला बघून उठली, सूप तसंच हातात. मी समदं सांगितलं. नळी, विटा, विटा काढल्या ते बी. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणली, "म्हणजे माझ्या हाताला येत नव्हता वास?"

मी म्हणलं, न्हाई.

"मी राखेनं हात घासायचे रे. कातडं निघालं. मग वाटलं, झोपेत खाल्ला की काय मी. कोण जाणे, विधवेचं मन, वासना राहिली असेल. म्हणून हो म्हणाले." मग विचारलं, "तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"लाज वाटली, काकू."

"मलाही लाजच वाटली होती," ती म्हणली. "म्हणून तर नको ते कबूल करून मोकळी झाले."

मी पाया पडायला वाकलो तर ती मागं सरली. मी शिवंन म्हणून सरली का माझा राग आला म्हणून, ते मला अजून कळलं न्हाई.

कस्तुराबाई म्हणल्या, "नर्मदे, चल घरी." ती म्हणली, "इथं सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर मी खाल्ला म्हणाले, त्यांच्यासमोर तुम्ही सांगा." अकरा सालांत ती मोठ्यानं बोलल्याचं मी कुणाकडून ऐकलं न्हाई. कस्तुराबाईचं तोंड लालेलाल झालं, पर तिला घेऊन परभणीत आल्यावर त्यांनी गल्लीतल्या त्याच बायका बोलावल्या आन दारात उभं राहून सांगितलं, "चूक माझी झाली. हिनं काही खाल्लं नव्हतं." एवढंच सांगितलं आन आत गेल्या. एक-दोघी अजून बी म्हणतात, बाईनं आधी कबूल कामून केलं मग? ते आता कुणाच्या हातात न्हाई, माझ्या बी न्हाई.

मिलची सिफारस वकिलानं फाडली. बरोबर केलं. पाऊण इंची माल मागवलाय, तो मी फुकट बसवून देणार. पर आधी माप पायजे. वकील म्हणले, "या वेळेला तू स्वतः आत जाऊन मोजायचं." मी विहिरीवर अंघोळ केली, ओल्या धोतरानं आत गेलो. पट्टीचं दुसरं टोक धरायला कुणी न्हवतं, पाणक्या बाजारात गेलता. नर्मदाबाईनं धरलं. मी कोपऱ्याला थांबायचो, ती पुढच्या कोपऱ्याला जायची. दोघं बी एकमेकांकडं बघत न्हवतो. कोपरे धरून ब्याण्णव फूट भरलं.

मी बाहेर अंगणात येऊन लिहून घेत होतो. आतून कस्तुराबाईचा आवाज आला, "नर्मदे, तो गेला ना? सगळं धुऊन घे, त्याची पावलं जिथं जिथं पडली तिथं." माझी मान खाली गेली. मला वाटलं आता बादलीचा आवाज येईल.

नर्मदाबाई म्हणली, "आज माझी कंबर धरलीये, आई. उद्या सकाळी रोजचं सारवण करीन तेव्हा होईल."

तिची कंबर धड होती, आक्का. पाथरीहून आल्यावर मोटारीतनं आपलं गाठोडं तिनंच उतरवलं होतं. मी हात पुढं केला तर दिलं न्हाई. उंबऱ्यावर अडवलं तवा, वास ओळखला तवा, बैठकीत चार लोकांत बोललो तवा बी लाज वाटली होती. पर ती कंबर धरलीये म्हणली, तवा जी वाटली तशी कवाच न्हाई. मी तसाच अंगणात उभा राहिलो, कागद हातात धरून, आन आत ती चूल पेटवायली.

तुमचा,
अंगद